माल कुठवर आला?

भोसरी एमआयडीसीतून चाकण एमआयडीसीत जायचे म्हणजे पुणे-नाशिक महामार्गावरचे वीसेक किलोमीटर. पण मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा आणि शेवटी चाकणचा तळेगाव चौक, असा वाहनांचा खोळंबा झाला की टेम्पो कधी पोहोचेल हे चालकालाही सांगता येत नाही. तिकडे असेंब्ली लाइनवर पार्ट संपत आलेला असतो आणि इकडे वर्कशॉपच्या डिस्पॅच टेबलावरचा फोन वाजू लागतो. "गाडी निघाली का?" "प्लेटिंगहून माल परत आला का?" "पाचशेपैकी किती नग पाठवताय?" प्रत्येक फोनसाठी रजिस्टर उघडायचे, शॉप फ्लोअरवर सुपरवायझरला हाक मारायची, मग उत्तर द्यायचे. पलीकडचा माणूस तेच उत्तर पुन्हा आपल्या एक्सेलमध्ये भरतो. अर्ध्या तासाने दुसऱ्या खात्यातून पुन्हा तोच फोन.

या विचारपुशीतली बरीचशी कामे दोन कॉम्प्युटर परस्पर उरकू शकतात. ज्या सोयीमुळे हे जमते तिला वेब एपीआय म्हणतात. एपीआय हा हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींतला विषय आहे, मशिन चालवणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असा समज पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या लघुउद्योगांत आजही आढळतो. खरे तर साधा, उपयोगी एपीआय तयार करून तो क्लाउडवर चालू करणे हे आता डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्या, प्रोग्रामिंगची गोडी असलेल्या तरुणाच्या आवाक्यातले काम झाले आहे. आणि या पट्ट्याला त्याची गरज आहे.

ड्रॉइंगवर ठरलेले बोलणे

चाकणच्या वाहन कंपनीने भोसरीच्या वर्कशॉपला एखादा पार्ट करायला दिला की दोघांमध्ये एक ड्रॉइंग असते. माप किती, टॉलरन्स किती, मटेरियल कोणते, हे त्यावर लिहिलेले असते. वर्कशॉपने तो पार्ट कोणत्या व्हीएमसी मशिनवर केला, कोणत्या शिफ्टमध्ये केला याच्याशी कंपनीला कर्तव्य नसते. तो पार्ट पुढे कोणत्या गाडीत बसणार हे वर्कशॉपला ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. ड्रॉइंगवर लिहिलेले दोघांनी पाळले की झाले. एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधले असेच ड्रॉइंग. कोणता प्रश्न विचारता येईल, तो कोणत्या पत्त्यावर विचारायचा, सोबत काय द्यायचे आणि उत्तर कोणत्या साच्यात येईल, एवढे त्यात ठरलेले असते. पलीकडे टॅली आहे, सॅप आहे की कोणी घरी लिहिलेला प्रोग्राम आहे, याने फरक पडत नाही.

वेब एपीआय हे बोलणे एचटीटीपी या इंटरनेटच्या नेहमीच्या पद्धतीने करतो. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर पान उघडते तीच ही पद्धत. फरक इतकाच की माणसाला वाचायच्या पानाऐवजी उत्तरात नुसती माहिती येते. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या पीएचडी प्रबंधात या बोलण्याची एक सुटसुटीत शिस्त मांडली. तिला रेस्ट म्हणतात. जवळपास त्याच सुमाराला डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसॉन हा माहिती लिहिण्याचा सोपा साचा लोकप्रिय केला. आज जगातले बहुतेक साधे एपीआय या दोन गोष्टींवर उभे आहेत.

वाहन उद्योगाला ही कल्पना नवी नाही. मोठ्या कंपन्या आणि त्यांचे थेट पुरवठादार ईडीआय या जुन्या पद्धतीने शेड्यूल आणि माल निघाल्याची आगाऊ सूचना, म्हणजे एएसएन, एकमेकांच्या सिस्टिमला धाडत आले आहेत. पण ईडीआयचा खर्च आणि व्याप दहा-वीस माणसांच्या वर्कशॉपला पेलणारा नव्हता. त्यामुळे साखळीच्या वरच्या टोकाला कॉम्प्युटर बोलत राहिले आणि खालच्या टोकाला फोन वाजत राहिले.

जीएसटीने घरात आणलेला एपीआय

लघुउद्योजकांपर्यंत एपीआय पोहोचवण्याचे सर्वांत मोठे काम कोणा सॉफ्टवेअर कंपनीने नव्हे, जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसने केले. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांना ते सक्तीचे झाले. मग ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत गेली: १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली आणि भोसरी, तळवडे, कुदळवाडी, खराबवाडी भागातली अनेक मध्यम वर्कशॉप्स तिच्या कक्षेत आली.

त्यात नेमके घडते काय? अकाउंट्समधली व्यक्ती बिल तयार करते. सॉफ्टवेअर त्या बिलाची माहिती ठरलेल्या साच्यातल्या जेसॉनमध्ये मांडते: विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, मालाचा एचएसएन कोड, नग, दर, कर. वाहनाच्या बऱ्याच सुट्या भागांसाठी ८७०८ हा एचएसएन कोड या भागात सगळ्यांच्या तोंडी असतो. ही माहिती इन्व्हॉइस नोंदणी पोर्टलकडे जाते. पोर्टल ती तपासते आणि ६४ अक्षरांचा आयआरएन क्रमांक व डिजिटल सही असलेला क्यूआर कोड परत पाठवते. सोबत वाहनाचा तपशील दिला असेल तर त्याच फेरीत ई-वे बिलही तयार होते. बटण दाबल्यापासून क्यूआर छापला जाईपर्यंत काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत जे झाले तोच एपीआय.

त्यातली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. आयआरएन हा वाटेल तसा दिलेला क्रमांक नाही. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांच्यावर गणिती प्रक्रिया करून तो काढला जातो. त्यामुळे तेच बिल दुसऱ्यांदा पाठवले तर गणित तेच उत्तर देते आणि पोर्टल '२१५०' हा त्रुटी क्रमांक दाखवते: हा आयआरएन आधीच झालेला आहे. नेट मधेच गेले, उत्तर आले की नाही कळले नाही, म्हणून कोणी पुन्हा बटण दाबले तरी बिल दोनदा नोंदले जात नाही. चांगल्या एपीआयचा हा गुण आहे. जिथे नेट आणि वीज दोन्ही अधूनमधून दगा देतात तिथे तर तो हवाच.

समजा, एक वर्कशॉप

आता समजा, भोसरीच्या सेक्टर १० मध्ये एक वर्कशॉप आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, पंचवीस माणसे. ग्राहक चाकण, तळेगाव आणि रांजणगावला. पार्ट इथे कापला जातो, हीट ट्रीटमेंटला जॉब वर्कवर बाहेर जातो, तिथून प्लेटिंगला, मग परत येऊन इन्स्पेक्शन आणि डिस्पॅच. दिवसभर विचारला जाणारा प्रश्न एकच: अमुक पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, माल सध्या कुठे आहे?

पहिल्या एपीआयने फक्त या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. इथेच अनेकांचे पाऊल चुकते. हजेरी, पगार, मशिनची देखभाल, रिजेक्शनचा आलेख, सारे एकदम हवे असते आणि सहा महिन्यांनी काहीच चालू झालेले नसते. एक प्रश्न, एक उत्तर, असे ठरवले तर काम नजरेच्या टप्प्यात राहते.

मग कागद-पेन्सिल घेऊन बोलणे ठरवायचे. ग्राहकाची सिस्टिम 'ऑर्डर्स' या पत्त्यापुढे ऑर्डर क्रमांक जोडून विचारणार. उत्तर साधारण असे येणार:

{ "ऑर्डर": "०४५१", "टप्पा": "प्लेटिंग", "एकूण_नग": ५००, "तयार_नग": ३२० }

जेसॉनमध्ये देवनागरी शब्द चालतात, कारण त्याची अक्षरे युनिकोडमध्ये साठवली जातात. आकडे मात्र कॉम्प्युटरला इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात; इथे छपाईपुरते ते देवनागरीत आहेत. या उदाहरणात ऑर्डर क्रमांक अवतरण चिन्हांत आहे आणि नग तसेच आहेत. ते मुद्दाम केले आहे. ०४५१ ही संख्या म्हणून लिहिली तर पुढचे शून्य टिकत नाही, उरतात ४५१. ज्याच्याशी बेरीज-वजाबाकी करायची नाही असा पीओ क्रमांक, पार्ट क्रमांक, एचएसएन कोड हा अक्षरांचाच मजकूर समजायचा. एक्सेलमध्ये पार्ट क्रमांकाचे पुढचे शून्य उडाल्याने चुकीचा माल गेल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उत्तरासोबत एक तीन आकडी खूणही जाते. २०० म्हणजे सगळे ठीक. ४०४ म्हणजे असा ऑर्डर क्रमांकच नाही. ४०१ म्हणजे विचारणाऱ्याने ओळख पटवलेली नाही. ५०० म्हणजे गडबड आपल्याच बाजूला आहे. या खुणा जगभर सारख्या आहेत. त्या नीट पाळल्या तर ग्राहकाच्या सिस्टिमला पुढे काय करायचे ते आपोआप कळते. ऑर्डर सापडली नाही तरी '२००' पाठवून आत 'माहिती नाही' असे लिहिणारे एपीआय पुष्कळ आहेत आणि पलीकडच्या प्रोग्रामरला ते फार छळतात.

लिहायचे कसे

अशा कामासाठी पायथॉन ही भाषा सोयीची आहे. त्यात फ्लास्क आणि फास्टएपीआय ही दोन मोफत साधने बरीच वापरली जातात. आर्मिन रोनाखर यांचे फ्लास्क २०१० मधले, सेबास्टियन रामिरेझ यांचे फास्टएपीआय २०१८ मधले. वरच्या एका प्रश्नाचे उत्तर देणारा प्रोग्राम तीस-चाळीस ओळींत बसतो. या पत्त्यावर कोणी विचारले तर डेटाबेसमध्ये ही ऑर्डर शोध, सापडली तर ही चार घरे भरून परत दे, नाही तर ४०४ दे, एवढेच त्यात असते. फास्टएपीआयची खास सोय अशी की लिहिलेल्या प्रोग्रामवरून ते स्वतःच माहितीचे एक पान तयार करते: कोणते पत्ते आहेत, काय द्यायचे, काय मिळणार. तेच पान ग्राहकाच्या आयटी खात्याला दाखवता येते.

माहिती भरणार कोण, हा खरा अवघड प्रश्न. टप्पा बदलला की नोंद करायला शॉप फ्लोअरवर वेळ नसतो. म्हणून ही नोंद शक्य तितकी सोपी हवी. जॉब कार्डावर क्यूआर छापायचा, सुपरवायझरने मोबाइलने तो स्कॅन करायचा आणि 'हीट ट्रीटमेंटला गेला' हे बटण दाबायचे. ते बटण एपीआयच्या दुसऱ्या पत्त्यावर नोंद पाठवते. विचारण्यासाठी एक पत्ता, नोंदवण्यासाठी एक. पहिल्या आवृत्तीला एवढे पुरे.

बऱ्याच वर्कशॉप्समध्ये अर्धी माहिती आधीच टॅलीत असते. हे हिशेबाचे सॉफ्टवेअरही एपीआयसारखे बोलू शकते, हे फारसे कोणाला माहीत नसते. टॅलीला सर्व्हर म्हणून चालू केले की ती साधारणपणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवर एचटीटीपीने आलेले प्रश्न ऐकते आणि एक्सएमएल साच्यात उत्तर देते. पायथॉनचा छोटा प्रोग्राम तिथून पीओ आणि चलन उचलू शकतो. त्यासाठी नवे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. मात्र हा पोर्ट ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरताच ठेवायचा, इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही.

टेबलाखालचा सर्व्हर आणि गुरुवार

प्रोग्राम लॅपटॉपवर चालला, ब्राउझरमध्ये उत्तर दिसले. आता तो ग्राहकाला चोवीस तास मिळाला पाहिजे. पहिला विचार येतो तो ऑफिसच्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर ठेवून देण्याचा. पण या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि महावितरणची देखभाल-दुरुस्तीही गुरुवारीच निघते. वीज गेली की यूपीएस तास-दोन तास टिकणार. ज्या ग्राहकाची सुट्टी रविवारी आहे त्याची लाइन मात्र गुरुवारीही चालू असते आणि त्याची सिस्टिम विचारतच राहते. क्लाउड वापरण्याचे पहिले कारण हे इतके साधे आहे: आपल्याकडची वीज गेली तरी उत्तर देणारा कॉम्प्युटर चालू राहतो.

तो कॉम्प्युटर असतो कुठे? पिंपरी-चिंचवडकरांसाठी याचे उत्तर घराजवळचे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात आपली अझूर क्लाउड सेवा सुरू केली तेव्हा तीन ठिकाणे निवडली: मुंबई, चेन्नई आणि पुणे. अझूरच्या यादीत 'सेंट्रल इंडिया' या नावाने जे ठिकाण दिसते ते पुणे. २०२२ मध्ये याच कंपनीने पिंपरी-चिंचवडमध्ये सुमारे २५ एकर आणि २०२४ मध्ये हिंजवडीत सुमारे १६ एकर जमीन घेतल्याच्या बातम्या नोंदणीच्या कागदपत्रांवरून आल्या. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून आणि गुगल क्लाउडचे २०१७ पासून सुरू आहे.

याच परिसरात १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि टेल्को, बजाज अशा कंपन्यांभोवती भोसरी-आकुर्डीची सुट्या भागांची वर्कशॉप्स वाढली. पुढे बजाज चाकणला गेली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने तिथे आले, पाठोपाठ महिंद्राही. आता त्याच मातीत डेटा सेंटरसाठी जागा घेतल्या जात आहेत. लेथ आणि सर्व्हर यांच्यात इथे फार अंतर उरलेले नाही.

ठिकाण निवडताना जवळचे निवडावे, यामागे भावना नाही, भौतिकशास्त्र आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. चाकणहून पुणे किंवा मुंबईच्या केंद्राला प्रश्न जाऊन उत्तर यायला काही मिलिसेकंद पुरतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे केंद्र निवडले तर दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास जातात. अनेक क्लाउड सेवांत सुरुवातीला अमेरिकेतलेच ठिकाण निवडलेले दिसते, ते न बदलता लोक पुढे जातात. शिवाय जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसशी थेट एपीआय जोडणी करायची तर आपल्या सर्व्हरचा भारतातला स्थिर आयपी पत्ता आधी नोंदवावा लागतो, तेव्हाही हे अमेरिकेतले ठिकाण आडवे येते.

लॅपटॉपवर चालते, क्लाउडवर नाही

क्लाउडवर प्रोग्राम चढवण्याला डिप्लॉय करणे म्हणतात. त्याचे टप्पे ठरलेले आहेत. प्रोग्राम गिटमध्ये ठेवायचा, म्हणजे कोणता बदल कधी केला याची नोंद राहते आणि बिघडले तर मागे जाता येते. लागणाऱ्या साधनांची यादी आवृत्ती क्रमांकांसह लिहायची. मग हा सारा संच कंटेनरमध्ये बांधायचा. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे ही पद्धत रूढ झाली. त्यामुळे लॅपटॉपवर जे होते तेच हुबेहूब क्लाउडवर चालते. अझूर ॲप सर्व्हिस, गुगलचे क्लाउड रन, ॲमेझॉनच्या सेवा, यांपैकी कोणालाही तो कंटेनर दिला की एक एचटीटीपीएस पत्ता मिळतो. सर्व्हर विकत घेणे नाही, त्यावर विंडोज किंवा लिनक्स चढवणे नाही.

तरीही पहिल्या दिवशी हमखास अडते. त्याची तीन कारणे वारंवार दिसतात.

पहिले, ऐकण्याचा पत्ता. शिकताना प्रोग्राम १२७.०.०.१ या पत्त्यावर चालवलेला असतो. त्याचा अर्थ, फक्त याच कॉम्प्युटरमधून आलेले प्रश्न ऐक. क्लाउडवर बाहेरून प्रश्न येतात, ते त्याला ऐकूच जात नाहीत आणि प्लॅटफॉर्म 'ॲप सुरू झाले नाही' असे सांगून थांबतो. ०.०.०.० हा पत्ता दिला आणि प्लॅटफॉर्मने सांगितलेला पोर्ट वापरला की काम होते. गुगल क्लाउड रनमध्ये हा पोर्ट, वेगळे काही सांगितले नसेल तर, ८०८० असतो.

दुसरे, वेळ. क्लाउडमधले सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. नऊ ते सहा चालणाऱ्या ऑफिसात ही चूक लपून राहते. तिसऱ्या शिफ्टमध्ये लपत नाही. १० तारखेच्या पहाटे दोन वाजता डिस्पॅच झालेला माल ९ तारखेच्या रात्री साडेआठचा दिसतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला असे झाले तर मालाची तारीखच आदल्या महिन्यात जाते. नोंद जागतिक वेळेतच ठेवावी, पण दाखवताना भारतीय वेळ दाखवावी आणि तिच्यासोबत '+०५:३०' हा फरक स्पष्ट लिहावा.

तिसरे, साठवण. कंटेनर केव्हाही बंद होऊन नव्याने सुरू होऊ शकतो आणि त्याच्या पोटात लिहिलेली फाइल त्यासोबत पुसली जाते. लॅपटॉपवर शेजारच्या फाइलमध्ये ऑर्डरी साठवणारा प्रोग्राम क्लाउडवर दोन दिवस छान चालतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या ऑर्डरी गायब असतात. माहिती नेहमी वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवायची, उदाहरणार्थ पोस्टग्रेस, आणि त्याचा रोजचा बॅकअप घ्यायचा. वर्षातून दोनदा तरी तो बॅकअप प्रत्यक्षात परत चढवून पाहायचा.

कुलूप कोणते, किल्ली कोणाकडे

एपीआय इंटरनेटवर आला की तो फक्त चाकणच्या ग्राहकाला दिसतो असे नाही, जगाला दिसतो. म्हणून प्रत्येक ग्राहकाला वेगळी किल्ली द्यायची. ती म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, जी प्रत्येक प्रश्नासोबत यावी लागते. ही किल्ली किंवा डेटाबेसचा पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहून ठेवायचा नाही. क्लाउडमध्ये त्यासाठी वेगळी जागा असते. प्रोग्राम गिटहबसारख्या संकेतस्थळावर उघडा ठेवला आणि त्यात पासवर्ड राहून गेला, तर असे पासवर्ड शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम तो फार लवकर गाठतात.

पण किल्ली असणे पुरेसे नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने एपीआयच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी २०१९ मध्ये काढली, २०२३ मध्ये ती सुधारली. दोन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर एकच दोष होता. ग्राहकाची ओळख पटवली जाते, पण मागितलेली वस्तू त्याचीच आहे का हे तपासले जात नाही. आपल्या वर्कशॉपच्या भाषेत सांगायचे तर, एका ग्राहकाने स्वतःच्या किल्लीने ०४५१ ऐवजी ०४५२ विचारले आणि त्याला त्याच्या स्पर्धकाचे नग कळले. ज्या धंद्यात एकच वर्कशॉप दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना माल पुरवते, तिथे एवढ्या एका चुकीने वर्षांचा विश्वास जाऊ शकतो. उपाय एका ओळीचा आहे: डेटाबेसमध्ये शोधताना ऑर्डर क्रमांकासोबत ग्राहकही जुळला पाहिजे.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या दूरसंचार कंपनीतून जवळपास एक कोटी ग्राहकांची माहिती बाहेर गेली. तिथल्या नियामकाने न्यायालयात जे मांडले त्यानुसार, इंटरनेटवर उघड्या असलेल्या एका एपीआयच्या प्रवेश-तपासणीत प्रोग्रामिंगची चूक राहून गेली होती. भारतातही ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आहे. म्हणून पहिल्या एपीआयच्या उत्तरात सुपरवायझरचे नाव, चालकाचा मोबाइल असे काही घालूच नये. विचारलेला प्रश्न मालाचा आहे, माणसांचा नाही.

खर्च आणि मालकी

खर्चाचा अंदाज बोटांवर काढता येतो. समजा, वीस ग्राहकांच्या सिस्टिम दर पाच मिनिटांनी एकदा विचारतात. एका दिवसात पाच मिनिटांचे २८८ तुकडे, म्हणून दिवसाला ५,७६० प्रश्न, महिन्याला १,७२,८००. ॲमेझॉनच्या लॅम्ब्डासारख्या सेवेत महिन्याचे पहिले दहा लाख प्रश्न मोफत मोजले जातात. म्हणजे उत्तर देणाऱ्या प्रोग्रामचा खर्च जवळपास नाहीच. खर्च येतो तो डेटाबेसचा आणि त्याच्या बॅकअपचा. तरीही खाते उघडल्या दिवशीच बिलाची मर्यादा आणि इशारा लावून घ्यावा. मोफत म्हणून सुरू झालेली सोय पुढे तशीच राहील असेही धरू नये. विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्यावर डिप्लॉय करायला शिकल्या त्या हेरोकूने आपली मोफत सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केली. प्रोग्राम कंटेनरमध्ये असेल तर अशा वेळी दुसरीकडे हलवणे अवघड जात नाही.

मालकीचा मुद्दा खर्चापेक्षा मोठा आहे. लघुउद्योगात असे काम बहुतेकदा एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी हौसेने करते आणि क्लाउडचे खाते त्यांच्या खासगी ईमेलवर उघडले जाते. दीड वर्षाने त्यांना हिंजवडीत नोकरी लागते आणि खात्याचा पासवर्ड त्यांच्यासोबत जातो. म्हणून खाते, डोमेनचे नाव आणि गिटमधला प्रोग्राम हे तिन्ही पहिल्या दिवसापासून कंपनीच्या ईमेलवर आणि कंपनीच्या नावाने असले पाहिजेत. डिप्लॉय करण्याची कृती एका पानावर मराठीत लिहून ठेवावी आणि ते पान वाचून दुसऱ्या एका माणसाने एकदा तरी ती करून पाहावी. निगडीचे पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालय, मोरवाडीची महापालिकेची आयटीआय अशा संस्था याच परिसरात आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी काल्पनिक वाचनालयाच्या सॉफ्टवेअरऐवजी शेजारच्या वर्कशॉपचा खरा प्रश्न मिळाला तर दोघांचेही काम होईल.

एपीआय एकदा ग्राहकाने वापरायला घेतला की त्याचे ड्रॉइंग मनाला येईल तसे बदलता येत नाही. 'तयार_नग' या घराचे नाव बदलून 'शिल्लक_नग' केले तर ग्राहकाची सिस्टिम त्या क्षणी आंधळी होते. ड्रॉइंगवर रिव्हिजन क्रमांक टाकतात तसा एपीआयच्या पत्त्यातच 'व्ही१' हा आवृत्ती क्रमांक सुरुवातीपासून घालायचा. मोठा बदल करायचा झाला तर 'व्ही२' वेगळी काढायची आणि सगळे ग्राहक तिकडे जाईपर्यंत जुनीही चालू ठेवायची.

अशी एक-दोन प्रश्नांची सोय दोन-तीन महिने नीट चालली की पुढची पायरी आपोआप दिसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ई-इन्व्हॉइसच्या एपीआयसाठी चाचणीचे वेगळे व्यासपीठ ठेवले आहे. तिथे खोटी बिले पाठवून सगळी जोडणी आधी तपासता येते, खऱ्या हिशेबाला धक्का लागत नाही. तिथे जमले की खऱ्या पोर्टलशी, थेट किंवा जीएसटी सुविधा पुरवठादारामार्फत, जोडता येते. मग अकाउंट्समध्ये बिल झाले की पोर्टलकडून आयआरएन आणि ई-वे बिल क्रमांक येतो, वर्कशॉपचा एपीआय त्या ऑर्डरचा टप्पा 'डिस्पॅच' करून सोबत तो ई-वे बिल क्रमांक आणि गाडीचा नंबर ठेवतो आणि चाकणच्या कंपनीची सिस्टिम पुढच्या पाच मिनिटांत ते उचलून स्टोअरच्या इनवर्ड यादीत टाकते. गाडी अजून मोशीतच असते आणि गेटवर तिची नोंद तयार असते.